दिव्याला टोपरं

नवं गावठाण, महाळुंगे पडवळ शिवार,
ता. आंबेगाव
९ डिसेंबर २००२

चिरंजीव दादाभाऊ,

आशीर्वाद. खुशाली खाली लिहिते, आधी भांडण लिहिते. न्हाईतर जागा पुरायची न्हाई.

दिवाळी झाली आन् आपल्या दारात लाईटीचा खांब रोवला. दारात म्हंजे दारातच. आबांची बाज अंगणात जिथं असते तिथून बरोबर समोर, मावळतीच्या अंगाला. वर पिवळा दिवा. संध्याकाळी सहाला लागतो तो उजाडेपर्यंत चालू. असला उजेड की अंगणात मुंगी दिसती, पण मान वर केली तर आभाळात काय न्हाई. पिवळं धुकं नुसतं.

तुला ठाऊक हाय, आबा कधी घरात झोपत न्हाईत. वाडी डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यात गेली आन् सरकारनं आपल्याला इथं आणून टाकलं, तवा तू नोकरीवर गेला व्हतास. पहिल्या रात्री आबा ना जेवले ना बोलले. अंगणात बसून राहिले. मग वर बघून म्हणाले, "लंका, आभाळ तेच हाय गं." ते तिकांडं, तीन चांदण्या एका रेषेतल्या, त्या मावळतीला जिथं टेकतात तिथं खाली आपली वाडी, असा हिशोब त्यांनी लावला. थंडीत पहाटं उठून बघायचे, उन्हाळ्यात जेवण झालं की बघायचे. बघितलं की गप पडायचे. धा वर्षं त्यांचं असं चाललं.

आता दिसत न्हाई. मला विचारतात, "हे कुणाचं गाव?" परवा पहाटं उठून निघून गेले. उसाच्या बांधावर सापडले. म्हणाले, अंधार कुठं हाय ते बघतोय. उसात बिबट्या हाय, दादाभाऊ. मागच्याच म्हैन्यात कुशाबाईची शेळी नेली.

लाईट गेली की सगळा गाव शिव्या घालतो आन् आबा हात जोडतात. म्हणतात, "आल्या बघ." तेवढा तासभर बरा जातो.

तू वीज तयार करतोस ना तिथं? मग आमच्या खांबाची तेवढी तिकडूनच बंद कर. तुझ्या साहेबाला सांग.

खुशाली म्हणशील तर गुडघा दुखतो, बाकी बरं. आरतीला आशीर्वाद.

तुझी आक्का,
लंका

———

चंद्रपूर
२० डिसेंबर २००२

आक्का, तुला आणि आबांना नमस्कार.

तुझं पत्र कामावर डब्याच्या सुट्टीत वाचलं आणि एकटाच हसत बसलो. अगं, वीज इथं तयार होते हे खरं, पण ती नळाच्या पाण्यासारखी नाही की मी तोटी फिरवली आणि तुझं अंगण बंद. इथून निघालेली वीज कुठं जाते ते आम्हालाही कळत नाही. गावच्या खांबाचं बघणारं ऑफिस वेगळं, माणसं वेगळी.

आणि रागावू नकोस, पण दिवा असलेला बरा. जुन्नर-आंबेगावच्या बिबट्यांच्या बातम्या इथल्या पेपरातसुद्धा येतात. रोज येतात. वाचून आरती म्हणते, तुमच्या गावाकडची माणसं रात्री बाहेर झोपतात तरी कशी? उजेडाला जनावर बिचकतं. दारात उजेड आहे म्हणून मी इथं निवांत झोपतो.

आबांचं वय झालं. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, एकदा मंचरला दाखवून आण. चांदण्या न दिसायला तेही कारण असू शकतं. थोडे दिवस जाऊ दे, सवय होईल. आबांसाठी लोकरीची टोपी पाठवतोय.

तुझा,
दादाभाऊ

———

नवं गावठाण
१५ जानेवारी २००३

दादाभाऊ,

तिळगूळ पाठवणार व्हते, पण तुझं कौतुक करायला हात वळंना.

मोतीबिंदू न्हाई. मंचरला नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाला, डाव्या डोळ्यात थोडासा हाय, उजवा ठीक हाय. आबांनी डॉक्टरलाच सांगितलं, "डोळा माझा बरा हाय, आभाळाला झालंय." डॉक्टर हसला. मला हसू आलं न्हाई.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी आबा परत निघून गेले. मी गोठ्यात व्हते. दुपार झाली तरी पत्ता न्हाई. सगळ्या विहिरी बघितल्या. विहिरीत वाकून बघताना माझं काय झालं ते लिहीत न्हाई. संध्याकाळी घोडेगावच्या एका पानवाल्यानं निरोप पाठवला. चालत चालत घोडेगाव गाठलं व्हतं. स्टँडवर बसून प्रत्येकाला विचारत व्हते, "डिंभ्याची गाडी कवा?" ती गाडी यायची तर येते, न्हाईतर न्हाई, म्हणून सापडले. आली असती तर गेले असते, आन् पुढं काय, पाणीच हाय.

मी विचारलं, कुठं निघाला व्हता? म्हणाले, "वाडी कुठल्या अंगाला ते इसरलो. म्हणलं जवळ जाऊन बघावं."

घरी आल्यावर मी आधी वायरमनला धरलं. हौशीराम त्याचं नाव. म्हणलं, कुणाच्या सांगण्यावरून हा खांब आमच्या नाकापुढं रोवला? तो म्हणाला, "मावशी, मला कशाला शिव्या? तुमच्याच घरचा अर्ज हाय की." ऑफिसात नेऊन दाखवला. अर्ज आबांच्या नावाचा. खाली आबांचा अंगठा न्हाई, सही हाय. आबांना सही येती का रं? आन् ते अक्षर मी वळखलं. तू ‘ण’ काढताना मधली काडी खाली लोंबती सोडतोस. गुरुजींनी त्यासाठी तुला किती वेळा मारलं व्हतं.

डिसेंबरात तू मला हसलास. निवांत झोपतो म्हणालास. आन् खांब तूच लावलास. मला खोटं कशाला सांगितलंस?

उत्तर दे. टोपी आबा घालत न्हाईत. कुत्र्याच्या पिल्लाखाली अंथरली.

लंका

———

चंद्रपूर
३० जानेवारी २००३

आक्का,

खोटं बोललो नाही, सांगितलं नाही. पण ते एकच, कळतं मला.

आबा घोडेगावपर्यंत चालत गेले हे वाचलं आणि दोन दिवस तोंडात घास फिरत राहिला.

अर्ज मीच केला. का केला ते तुझ्याच पत्रात आहे. मागच्या आषाढात तू पाठवलेलं कार्ड माझ्याकडं जपून आहे. तुझीच ओळ उतरवून देतो: "आबा म्हणतात दारात दिवा न्हाई, दादाभाऊला कळव. बाकी ठीक." एवढंच होतं.

आबांनी आयुष्यात माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. हे पहिलं. मला वाटलं, म्हातारा माणूस अंधारात धडपडत असेल, पडत असेल. मी चार महिने त्यामागं लागलो. इथल्या एका इंजिनियर साहेबांचे साडू तुमच्या बाजूच्या ऑफिसात आहेत. त्यांच्यामार्फत अर्ज गेला. सरपंच सावळेरामभाऊंना तीन पत्रं लिहिली. बिबट्याचं कारण पुढं केलं म्हणून लवकर मंजूर झालं. दिवाळीत दिवा लागेल असं सावळेरामभाऊंनी कळवलं, तेव्हा मी इथं पेढे वाटले, आक्का. ऐकून हसशील.

मग तुझं पहिलं पत्र आलं, दिवा बंद कर म्हणून. आबांसाठी मी केलेली एकच गोष्ट, आणि तीच त्यांना नको. कसं सांगणार होतो?

तूच सांग, मग आबांना हवं तरी काय होतं?

दादाभाऊ

———

नवं गावठाण
१२ फेब्रुवारी २००३

दादाभाऊ,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. मग चुलीपुढं बसून राहिले. भाकरी करपली.

त्या दिवशी आबा बाजेवर बसले व्हते आन् मी कार्ड लिहीत व्हते. पोस्टमन बांधावर थांबलेला, मला घाई. मी विचारलं, आबा, दादाभाऊला काय लिहू? ते म्हणाले, "लिही, दारात दिवा लावाया माणूस न्हाई."

मी चौथी शिकलेली. कार्डावर जागा बोटभर. मी म्हणलं, म्हाताऱ्याचं बोलणं लांबतं, आखूड करावं. ‘लावाया माणूस’ एवढं गाळलं. दोन शब्द. पोस्टमन निघून जाईल म्हणून.

त्यांनी दिवा मागितला नव्हता. तुला मागितलं व्हतं.

आता कळलं का? तू चार म्हैने पळापळ करून खांब धाडलास. माझ्या हातानं झालं हे. लिहून टाकते, म्हंजे परत बोलायला नको. तुझ्यावर रागावले ते मागं घेते. टोपीचं मागं घेत न्हाई, पिल्लं लहान हायेत.

पुढचं ऐक. दिवा काढता येत न्हाई. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. म्हणलं, आमच्या दारातला दिवा काढा. कुशाबाई तरातरा उठली. "तुझ्या म्हाताऱ्याला चांदण्या बघायच्या म्हणून आमची जनावरं द्यायची का गं बिबट्याला?" मी म्हणलं, तुझी शेळी दिव्याखालनं नेली का अंधारातनं, ते तरी बघितलंस का? ती म्हणाली, "माझी शेळी गेली, तुझं काय गेलं?" आन् तिची शेळी खरंच गेलीय. ती गाभण व्हती.

सरपंच म्हणाले, मावशी, लोकांना मागून दिवा मिळत न्हाई, तुमी मिळालेला काढा म्हणता. सगळी हसली.

म्हणून तुला विचारते. उजेड खाली पायवाटेवर हवा, वर आभाळात काय शेळ्या चरतात? मग तो वर कशाला जातो? खांबावर चढून मला त्याची मान खाली दाबता येईल का? तू या कामातला. नीट, पायरी पायरीनं लिही, मला समजंल असं. आन् मी चढणार न्हाई, हौशीरामला चढवीन, काळजी नको.

लंका

———

चंद्रपूर
३ मार्च २००३

आक्का,

तुझं पत्र आल्यापासून पाकिटात हात घालून ते कार्ड काढतो, बघतो, परत ठेवतो. दोन शब्दांचं तू मनाला लावून घेऊ नकोस. मी तरी सरळ गाडीत बसून येऊन विचारायचं होतं, की आबा, कसला दिवा? ते सोडून तीन पत्रं सरपंचाला लिहिली.

का आलो नाही ते आज लिहून टाकतो. ही नोकरी मला कशी लागली, तुला माहीत आहे. धरणग्रस्ताच्या दाखल्यावर. आबांची जमीन बुडाली म्हणून मला हा पगार आहे. गेल्या खेपेला आलो तेव्हा आबा वर बघून तिकांडं दाखवत होते, "त्याच्याखाली आपलं खळं, त्याच्याखाली तुझ्या आईची तुळस." मी मान वर केलीच नाही. उठून आत गेलो. त्यानंतर रजा मागायला गेलो की साहेबांच्या दारातूनच परत फिरतो. सात वर्षं झाली.

आता काम. चित्र मागच्या पानावर काढलंय.

पंधरा किलोचा रिकामा तेलाचा डबा घे. एका बाजूनं उभा कापून उघडा कर, म्हणजे पन्हाळं होईल. ते दिव्यावर पालथं बसवायचं, समोरचा काठ दिव्यापेक्षा वीतभर खाली यायला हवा. म्हणजे आबांच्या बाजेवरून बल्ब दिसणार नाही, फक्त जमिनीवरचा उजेड दिसेल. आतून डबा घासून चकचकीत कर, वर जाणारा उजेड परत खाली पडेल. मागं चार बोटं फट ठेव, दिवा फार तापतो. आणि दिव्याची मान खरंच दाबता येते. मागं एक बोल्ट आहे, हौशीरामला माहीत असेल. लाईन बंद केल्याशिवाय कुणीही हात लावायचा नाही. कुणीही, म्हणजे तूसुद्धा. मी तुला ओळखतो.

काल कामावरून सुटल्यावर मुद्दाम मान वर केली. इथं आभाळ रात्रभर नारिंगी असतं. धूर आणि दिवे. एकसुद्धा चांदणी नाही. बारा वर्षं मी याच्याखालून ये-जा केली आणि माझ्या लक्षातही आलं नाही. पोरीला, संस्कृतीला म्हणालो, चल, तुला तिकांडं दाखवतो. ती सहा वर्षांची. गच्चीवर अर्धा तास उभे होतो. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या गावालाच असतं का ते?"

रजेचा अर्ज दिलाय. साहेब म्हणतात जूनच्या आत जमणार नाही.

दादाभाऊ

———

नवं गावठाण
२ मे २००३

चिरंजीव दादाभाऊ,

आशीर्वाद. पत्राला उशीर झाला. करून मगच लिहायचं ठरवलं व्हतं.

डबा कुशाबाईनंच दिला. तिच्या लेकाच्या लग्नातला. देताना म्हणाली, "उजेड कमी झाला तर डबा परत घेईन आन् तुलाबी सोडणार न्हाई." मी राखेनं आतून घासला, आरशागत केला. हौशीराम आधी न्हाई न्हाई म्हणत व्हता, "मावशी, नोकरी जाईल." मी म्हणलं, वर पाखरानं घरटं केलं तर तुझी नोकरी जाते का? मग ह्याला घरटं समज. पुरणपोळी घातली, तरी दोन वेळा फिरवलं मेल्यानं. सरपंचांना जाऊन विचारून आला, तवा चढला. लाईन बंद केली व्हती. मी खाली शिडी धरून उभी, त्यामुळं अर्धा गाव गोळा.

सावळेराम सरपंच म्हणाले, "लंकाबाईनं दिव्याला टोपरं घातलं. आता बारसं कवा?" तवापासून सगळी त्याला टोपऱ्याचा दिवाच म्हणतात. पत्ता सांगताना बी तेच सांगतात.

रात्री लाईट आली. कुशाबाई पदर खोचून वाटेवर उभीच व्हती. दिवा लागला आन् उजेड सगळा खाली पडला. वाट, गोठा, तिच्या शेळ्यांचं कूड, सगळं पहिल्यापेक्षा लख्ख. ती खाली बसली, मातीतला खडा उचलून बघितला आन् म्हणाली, "बया, तांदूळ निवडता येतील की हितं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या दाराम्होरच्या खांबालाबी एक घाल."

चार खांब झालेत. पाचव्याचा डबा शोधतीय.

आता आबांचं. पहिले आठ-धा दिवस त्यांनी वर बघितलंच न्हाई. मी म्हणायची, आबा, बघा की. ते तोंड फिरवून झोपायचे. मला वाटलं, उशीर केला आपण. परवा, अवसेच्या आदल्या दिवशी, जेवणं झाली. मी भांडी घासत व्हते. आवाज आला, "लंका." त्यांचा पहिल्यासारखा आवाज, रानातनं हाक मारल्यागत. गेले तर बाजेवर ताठ बसलेले. मावळतीला डोंगराच्या वर तिकांडं आलं व्हतं, एका रेषेत, तिन्ही बरोबर. आबांनी बोट केलं. ते खाली आलं न्हाई, तिकांडं डोंगराआड जाईस्तोवर. मग म्हणाले, "हाय तिथंच हाय."

मी रडले. तुला सांगून ठेवते, कुणाला बोलू नकोस.

मला वाटलं, झालं, आता झोपतील. तर विचारतात, "आन् दादाभाऊ कुठल्या अंगाला?"

मला काय माहीत चंद्रपूर कुठं असतं ते. सकाळी शाळेत जाऊन गुरुजींना विचारलं. त्यांनी नकाशा काढला. म्हणाले, उगवतीला, पार लांब, महाराष्ट्र संपतो तिथं. काल मी आबांना सांगितलं. त्यांनी उगवतीकडं मान वळवून बघितलं. मग म्हणाले, "बाज फिरव."

मी म्हणलं, आबा, तिकांडं दिसणार न्हाई मग. त्यासाठी तर दिव्याला टोपरं घातलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. म्हणाले, "ते बघितलं गं. वाडी गेली ती तिथंच हाय, कुठं जात न्हाई. ज्यो यायचाय त्याच्याकडं तोंड असावं."

मग काय, फिरवली. तू जून म्हणतोस. जूनमदी आभाळ झाकून येईल आन् तिकांडंबी सूर्यामागं जातं, मग तू नुसते ढग बघशील. आबांनी तुला वेळ दिली न्हाई, ती मी देते. या म्हैन्यात ये. धा-बारा दिवस झाले की तिकांडं तिन्हीसांजेच्या उजेडातच बुडायला लागंल. पोरीला घेऊन ये. रजा देत न्हाईत तर हे पत्र तुझ्या साहेबाच्या टेबलावर ठेव, वाचता येत असंल तर वाचंल. अक्षर माझं हाय, माफी माग.

आबा आता उगवतीला तोंड करून बसतात. रोज अंथरूण घालताना मी विचारते, फिरवू का परत? न्हाई म्हणतात.

तुझी आक्का,
लंका